हेममधला एक मणी

माझ्या शिवणवर्गात एक शब्द दिवसभर उडत असतो. ‘बाई, हेम किती ठेवू?’, ‘बाई, माझं हेम वाकडं गेलं’, ‘बाई, हिनं माझं हेम उसवलं.’ इतकी वर्षं वर्ग चालवते आहे, पण ‘बाई, हेम म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं नव्हतं. परवा एका पोरीनं विचारलं. मी उत्तर देण्याआधीच दुसरी, शाळेत संस्कृत घेतलेली, मान ताठ करून म्हणाली, “हेम म्हणजे सोनं.”

सगळ्या खूश झाल्या. मी म्हटलं, “ते हेम वेगळं, हे वेगळं. दोन परक्या बायका एसटीत शेजारी बसाव्यात, तेवढीच त्यांची ओळख. हे हेम साहेबाच्या मुलखातून आलंय.”

“मग त्याचा अर्थ काय?”

“दार लोटून घ्या,” मी म्हटलं. “अर्थ जरा भीतीचा आहे.”

पोरी खिदळल्या. मला आधी हसणारी माणसं फार आवडतात. त्यांना घाबरवण्यात खरी गोडी आहे.

माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. सोलापुरात रद्दीच्या दुकानातून आणला, पुठ्ठा उंदरानं खाल्लेला, पण आतला मजकूर शाबूत. त्यात हेमचा पहिला अर्थ अगदी गरीब गाईसारखा आहे: कापडाचा काठ. काठ एकदा दुमडायचा, परत दुमडायचा, वर बारीक टाका घालायचा, म्हणजे सुटे धागे बाहेर पळत नाहीत. इथपर्यंत सगळं घरगुती. पण शब्दाचे आजे-पणजे शोधायला गेलं की अंगणात वेगळीच माणसं दिसू लागतात. उत्तरेकडच्या थंड मुलखांतल्या भाषांमध्ये या शब्दाचे भाऊबंद आहेत. त्यांतल्या एकाचा अर्थ लगाम घालणं, दुसऱ्याचा अडवून धरणं. आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच क्रिया: आवळणं. जुन्या इंग्रजीत त्याच कुळातला म्हणून सांगतात असा एक शब्द गावांच्या नावांत बसलेला आहे. पाण्यानं किंवा उंचवट्यानं चहूबाजूंनी वेढलेली जमीन, असा त्याचा अर्थ. आजही माणूस शत्रूच्या वेढ्यात सापडला की इंग्रज त्याच्यासाठी हाच शिवणातला शब्द वापरतो.

“म्हणजे बघा,” मी पोरींना म्हटलं, “तुम्ही परकराच्या काठाला जे करता, ते एखाद्या गावालाही करता येतं.”

हसणं थांबलं. मला बरं वाटलं. आपल्याकडेही असंच आहे की. तामलवाडी घ्या, नाहीतर कुठलीही वाडी घ्या. मुळात वाडी म्हणजे कुंपण घातलेली जागा. आपण घातलेल्या कुंपणात ऊब असते. दुसऱ्यानं बाहेरून घातलेल्या कुंपणात काय असतं, ते मला लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात समजलं. ती गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि आता तुम्हाला सांगते. वर्गात सांगताना बरेच हातवारे केले होते, तेवढे तुम्ही मनानं घाला.

मी मूळची सोलापूरची. तिथं एका मिशनच्या शाळेत एक पांढऱ्या केसांच्या बाई आम्हाला शिवण शिकवायच्या. हेम हा शब्द मी त्यांच्याकडून घेतला. त्या म्हणायच्या, “कापड कापलं की धाग्याला पळायची घाई होते. हेम घातलं की तो घरी बसतो.” त्यांच्या हाताखाली तरबेज झाले आणि लग्नात वडिलांनी मला हातानं फिरवायची शिवणयंत्राची पेटी दिली. ती पेटी आणि मी, दोघी बैलगाडीतून हद्द ओलांडून निजामाच्या राज्यात आलो. सासर येरमाळ्यापासून जवळच्या एका खेड्यात होतं. सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यातली सून कोणती म्हणायची?”

घरात शेतीवाडी, एक किराणा दुकान, सासू-सासरे, आणि सासऱ्यांच्या थोरल्या भावाची विधवा. तिला सगळं गाव थोरल्याबाई म्हणायचं. आता थोरल्याबाईंचं वर्णन कसं करू? त्या बोलायच्या. म्हणजे इतर माणसं श्वास घेतात, तसं. विहिरीवर, जात्यावर, जेवताना, देवीला हात जोडताना. येडेश्वरीच्या डोंगरावर चढताना धाप लागून सगळ्यांची तोंडं बंद व्हायची, पण थोरल्याबाईंचं मात्र चालूच. सासूबाई म्हणायच्या, “जाऊबाई, देवीला बी कधी दोन शब्द बोलू द्या.”

त्यांना एकच मुलगी झाली होती. ती हद्दीपलीकडे, बार्शीला दिलेली. पहिल्या बाळंतपणात ती गेली आणि मागं एक नात राहिली. नात बापाकडे बार्शीतच वाढली. मुलीची बोरमाळ, म्हणजे बोराच्या आकाराच्या सोन्याच्या मण्यांची माळ, थोरल्याबाईंकडे परत आली होती. ती त्यांनी एका डब्यात, ज्वारीच्या कणगीच्या तळाशी ठेवली होती. नातीच्या लग्नात ती आपल्या हातानं तिच्या गळ्यात घालायची, यापलीकडे त्या बाईला या जगाकडून काही नको होतं. आणि त्या उन्हाळ्यात नातीचं लग्न ठरलं.

तो उन्हाळा निजामाच्या राज्याचा शेवटचा होता, हे आता माहीत आहे. तेव्हा एवढंच कळत होतं की काहीतरी आवळलं जातंय. येरमाळ्याचा बाजार लवकर उठू लागला. माणसं सौदा न करताच माल उचलायची आणि घरची वाट धरायची. वाशीच्या बाजूला एके दिवशी दुपारभर धूर दिसत होता. कुणाचं खळं पेटलं की नुसता पालापाचोळा, हे कुणी विचारलं नाही. रस्त्यानं घोडी गेली की गावातली कुत्री भुंकायची, पण मग भुंकायचीही बंद झाली. मला त्याचीच जास्त भीती वाटली. गावात एक शब्द सुरू झाला होता: ‘ते’. ‘ते आलते.’ ‘ते विचारीत होते.’ ‘ते’ म्हणजे कोण, हे लहान मूलही विचारत नसे. माझे यजमान आधीच हद्दीपलीकडे गेले होते. कशासाठी, हे घरात मोठ्यानं बोलायचं नव्हतं. बार्शीच्या रस्त्यावर नाका होता. तिथं जाणाऱ्या-येणाऱ्यांची झडती व्हायची. दागदागिने हद्दीबाहेर नेताना कुणी सापडलं तर दागिने जात. माणूसही काही वेळा परत येत नसे.

असल्या दिवसांत तरणी सून घरात ठेवायला नको म्हणून मला बार्शीवरून माहेरी पोचवायचं ठरलं. सोबतीला थोरल्याबाई. त्यांना बार्शीत लग्नाला थांबायचं होतंच.

सासऱ्यांनी त्यांना समजावलं. “वैनी, माळ राहू द्या हितं. हे दिवस सरले की म्या स्वतः घिऊन येतो.”

“दिवस सरतील, भावजी. पन पोरीचं लगीन त्यासाठी थांबंल व्हय?”

“नाक्यावर सापडलात तर?”

“सापडले तर सापडले. म्हातारीला खाऊन कोन मोठा होतो, बगू.”

मी हळूच म्हटलं, “थोरल्याबाई, माझ्या परकराच्या हेममध्ये शिवून नेऊ या. कुणाला दिसणार नाही.”

‘हेम’ म्हणजे काय, ते मला दाखवावं लागलं. मी माझ्या परकराचा काठ उचलून दाखवला. दुहेरी दुमड, आत पोकळी. थोरल्याबाईंनी काठ बोटांत धरून चाचपला आणि डोळे बारीक केले. “युक्ती ब्येस हाय. पन माझ्या लेकीची माळ तुझ्या अंगावर न्हाय. माझ्या अंगावर.”

इथं खरी पंचाईत. आमच्याकडच्या बायका काष्ट्याचं लुगडं नेसत. काष्ट्याखाली परकर नसतो, घालताच येत नाही. परकर घालायचा तर सोलापूरच्या बायकांसारखी गोल साडी नेसायची. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. “बगा गं बाई, आमच्या जाऊबाई म्हातारपनी मास्तरीण झाल्या!”

“हस. तुझ्या सुनेच्या पेटीनं आज माझा काष्टा सोडवला, उद्या तुझा सोडवील.”

मी जाड मांजरपाट घेतला, वर टीप घालून नेफा केला आणि खाली हेम चांगलं रुंद ठेवलं. हेमचं काम मात्र पेटीवर केलं नाही, हातानंच केलं. बोरमाळेचा दोरा काढला, मणी सुटे केले. एक मणी आत सरकवायचा, दोन्ही बाजूंना टाका घालून त्याला कोंडायचं, मग पुढचा मणी. म्हणजे चालताना मणी एकमेकांवर आपटत नाहीत. थोरल्याबाई शेजारी बसून प्रत्येक मण्याची हकीकत सांगत होत्या. हा मुलीनं लहानपणी चावला होता, हा एकदा तुळशीच्या कुंडीत पडला होता. शेवटचा मणी आत गेला तेव्हा त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मी धागा तोडला. परकर हातात घेतला तर वजनदार, एखाद्या झोपलेल्या मुलासारखा.

सकाळी गाडी जोडली. गाडीवान म्हणजे आमचाच सालगडी, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. मी माझ्या ट्रंकेवर बसले, थोरल्याबाई गोल साडीत अवघडून मांडी घालून. वाटेत बोलणं सुरूच होतं. “सोलापूरवाले, हे नेसून तुमच्या बाया चालतात तरी कशा? पाय बांधल्यावानी वाटायलंय.” मी घाबरले होते ते परकराला नाही, त्यांच्या तोंडाला. नाक्यावर कुणी नुसतं ‘कुठं निघालात’ म्हटलं तरी त्या बोरमाळ, मुलगी, बाळंतपण, नात सगळं सांगून मोकळ्या होतील, याची मला खात्री होती. वाटेवर माणूस नव्हतं. एका शेतात नांगर तसाच उभा होता, बैल नव्हते. गाडीवान तिकडे न पाहता म्हणाला, “बसून राहा. बगू नगा.”

नाका दिसला तसं एका जवानानं लांबूनच ओरडून गाडी थांबवली. “उतरो! सब उतरो! पैदल आओ!”

थोरल्याबाई उतरायला गेल्या. गोल साडीची सवय नाही. पाय खाली टेकला आणि परकराचा काठ चाकाजवळच्या लोखंडी खिळ्यात अडकला. चर्र असा आवाज झाला. मी खाली वाकले. हेम उसवलं होतं आणि फाटीतून एक मणी डोकावत होता, उन्हात नुकत्याच उघडलेल्या डोळ्यासारखा.

पुढं नाका, मागं उघडं रान, आजूबाजूला पुरुष. परकर काढायची सोय नाही. मी केसातली सुई काढली. शिवणाऱ्या बाईच्या अंबाड्यात नेहमी एक दोरा ओवलेली सुई असते. पण थोरल्याबाईंनी पाय मागं घेतला.

“अंगावर शिवतीस? जित्या मानसाच्या अंगावर? अंगावर शिवत्यात ती मढ्याच्या!”

“थोरल्याबाई, वेळ नाही.”

“मग दोरा दे तोंडात.”

ही रीत तुम्हालाही माहीत असेल. अंगातला कपडा अंगावरच शिवायची वेळ आली तर त्या माणसानं दोऱ्याचा तुकडा दातांत धरायचा आणि टाका पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं तर शिवण अंगाला लागतं, असं म्हणतात. मी सुईतल्याच दोऱ्याचा तुकडा तोडून दिला. त्यांनी तो दातांत घट्ट धरला. त्या रानात अचानक शांतता पसरली. ती किती विलक्षण वाटली म्हणून सांगू! गाडीवानसुद्धा दचकून वळला.

मी मातीत बसून शिवायला लागले. मणी आत ढकलला. एक बाजू कोंडली. दुसऱ्या बाजूला सुई घातली, तेवढ्यात जवान काठी आपटत आलाच. “क्या कर रे नीचे बैठ के? चलो!”

मी उठले. सुई हेममध्येच राहिली, दोऱ्याला लटकत. टाका अर्धा. आणि टाका अर्धा म्हणून थोरल्याबाईंचं तोंड बंद. दोन्ही गोष्टी तशाच घेऊन आम्ही नाक्याकडे चालू लागलो. प्रत्येक पावलाला सुई त्यांच्या घोट्याजवळ चमकत होती.

रस्त्यावर आडवा बांबू होता. बाजूला एक छपरी, दाराला तरटाचा पडदा. छपरीच्या कडेला पायताणांचा ढीग पडला होता. त्यात जोड्या नव्हत्या. एक बाई कडुनिंबाखाली उकललेल्या गाठोड्याशेजारी बसली होती. ती रडत नव्हती, कुणाकडे पाहतही नव्हती. तिची वाकळ शिवणीशिवणीला फाडलेली होती. म्हणजे इथं शिवण कुठं असते ते कुणालातरी चांगलं माहीत होतं.

जवानानं थोरल्याबाईंना विचारलं, “किधर को जारे?”

थोरल्याबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ओठ गच्च मिटलेले.

“मुँ क्यों नई खोलरी? गूँगी है क्या?”

मी म्हटलं, “बोलत नाहीत त्या.” आयुष्यात एवढं मोठं खोटं मी परत बोलले नाही.

“अंदर जाओ,” तो म्हणाला. “देखेंगे.”

पडद्याआड एक म्हातारी बसली होती. मेंदीनं रंगलेले केस, चष्म्याची एक काडी तुटून तिथं दोरा बांधलेला. बायकांची झडती घ्यायला तिला बसवली होती. तिनं आधी मला चाचपलं, मग गाडीवानानं आणून ठेवलेल्या माझ्या ट्रंकेतले कपडे. तिचे हात खिशाकडे, पदराकडे जातच नव्हते. सरळ काठाकडे जायचे. बोटं काठावरून फिरायची, एखादा आंधळा भिंत धरून घर ओळखतो तशी. मग तिनं थोरल्याबाईंना पुढं बोलावलं, खाली वाकली आणि तिचा हात सुईपाशी थांबला.

तिनं मान वर केली. थोरल्याबाईंच्या ओठांतून लोंबणारा दोरा पाहिला.

“या अल्ला,” ती माझ्याकडे वळून पुटपुटली. “जीते आदमी पे टाका? और आधा छोड़ दी?”

“बाहेर बोलावलं म्हणून...” मी म्हटलं.

“हमारे में तो कफन को भी टाका नई लगाते. और तू जिंदी अम्मा को सी री?”

आमच्यात म्हणतात, अंगावर शिवतात ते मढ्याच्या. तिच्यात म्हणतात, मढ्यालाही शिवत नाहीत. दोन्ही कारणं एकमेकांच्या अगदी उलट, पण भीती तीच. तिनं हेम हातात घेतलं आणि तिचं बोट त्या अर्ध्या कोंडलेल्या मण्यावर येऊन थांबलं. मग ते बोट सावकाश पुढं सरकलं. पुढचा मणी. त्याच्या पुढचा. बाहेर जवान काठीनं जमीन उकरत होता.

“किसका है?” तिनं अगदी हळू विचारलं.

आता विचार करा. ज्या बाईनं आयुष्यभर न विचारता सगळं सांगितलं, तिला पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर विचारलं होतं आणि तिच्या तोंडात दोरा होता. थोरल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. मग हातांचा पाळणा केला आणि हलवला. मग ते हात आभाळाकडे उचलून उघडले, रिकामे. आणि शेवटी एक हात कमरेएवढ्या उंचीवर धरला, तिथून वर वर नेला, एखादी मुलगी वाढते तसा, आणि स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवून माळ दाखवली.

म्हातारी बघत राहिली. मग तिनं चष्मा नाकावर सारला, मातीत बसकण मारली, लटकणारी सुई धरली आणि तो अर्धा टाका स्वतः पुरा केला. बारीक, आवळ, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं. गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.

“थूकना नक्को अभी,” ती थोरल्याबाईंना म्हणाली. “उधर जाके थूको.” मग माझा दंड धरून कानाशी म्हणाली, “ये रस्ते से वापस नक्को आना, बेटी. जो आ रा है, अच्छा नई है. किसी के वास्ते अच्छा नई है.”

आणि मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं: “कुछ नई है! जाने दो!”

जवानानं बांबू अर्धाच उचलला. थोरल्याबाईंच्या नेसणीकडे पाहून म्हणाला, “ये बुड्ढी ऐसी साड़ी कायकू पैनी?”

पडद्याआडून आवाज आला, “तेरी अम्मा को बी एक ला दे, ताने मारना भूल जाएगी!”

तो हसला. बांबू वर गेला.

हद्दीपलीकडे पोचल्यावर थोरल्याबाईंनी गाडी थांबवायची खूण केली. बाभळीखाली दोरा थुंकला, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, “तिचं नाव न्हाय इचारलं.” बस, एवढंच.

बार्शीत मी परकर उसवला. मणी एकेक बाहेर आले. शेवटी त्या म्हातारीच्या टाक्यापाशी पोचले तर थोरल्याबाईंनी माझ्या हातातली कात्री धरली. “त्यो न्हाय. ज्यानं कोंडलं त्यानंच उसवायचं. त्यो मणी तिचा. वापस जाताना तिच्या हाती दीन.”

“थोरल्याबाई, तिनं त्या रस्त्यानं यायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“म्या कुटं तिचं समदं ऐकते?”

नातीच्या गळ्यात बोरमाळ पडली, एक मणी कमी. नातीला कळलंही नाही. थोरल्याबाईंनी ती स्वतःच्या हातानं बांधली आणि मग, तुम्ही ओळखलंच असेल, मांडवातल्या प्रत्येकाला नाक्याची हकीकत सांगितली. त्या म्हातारीचं सोंग इतकं हुबेहूब वठवायच्या की लोक पोट धरून हसायचे. ‘तेरी अम्मा को बी एक ला दे!’ मीही हसले. हसताना मात्र दर वेळी कानाशी ते दुसरं वाक्य ऐकू यायचं, ‘किसी के वास्ते अच्छा नई है’, जे थोरल्याबाईंनी ऐकलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता निजामाचं राज्य गेलं. थंडीत मी माहेराहून बार्शीला आले आणि आम्ही परत निघालो, त्याच रस्त्यानं, त्याच गाडीवानाबरोबर. थोरल्याबाईंनी तो परकर घडी करून मांडीवर घेतला होता. वर खणाचा तुकडा, थोडा गूळ. कुंकू चालणार नाही म्हणून त्यांनी मेंदीची पुडी घेतली होती. “तिच्या केसाला लागंल,” म्हणाल्या. आता नाका नव्हता, झडती नव्हती, जोंधळा कमरेला आला होता. तरी वाटेतल्या गावांत माणसं हळूच बोलत होती. शब्द तोच होता. फक्त त्याचा अर्थ बदलला होता, आता त्यात त्या म्हातारीसारखी माणसंही होती. ‘ते गेले.’ ‘ते आता न्हायती.’ मी तो इंग्रजी कोश तेव्हा पाहिलेला नव्हता, पण लगाम म्हणजे काय हे मला तिथं कळलं. लगाम तोच होता, घोडा बदलला होता.

बांबू रस्त्याकडेच्या चरात पडला होता. छपरी नव्हती. तिच्या जागी जमीन काळी होती आणि तरटाचा एक तुकडा काट्याला अडकून हलत होता. पायताणांचा ढीग होता. पूर्वीपेक्षा मोठा.

थोरल्याबाई गाडीतून उतरल्या. आता त्या काष्ट्यात होत्या, सहज उतरल्या. शेळ्या राखणारा एक माणूस दिसला. त्याला हाक मारली. “ए दादा, हितं झडतीला एक म्हातारी बसायची. मेंदीच्या केसांची. कुटं ऱ्हाती?”

“कोन म्हातारी?”

“चष्म्याला दोरा बांधलेली.”

त्यानं शेळ्यांकडे पाहिलं. “हितं कुनी नव्हतं, बाई.”

“नव्हतं कसं? माझ्या अंगावर टाका घातलाय तिनं!”

तो शेळ्या हाकत निघून गेला. पुढं एक जण बैल पाजत होता, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, “गेले समदे.”

“कुटं गेले?”

“गेले.”

थोरल्याबाई परत त्या काळ्या जमिनीपाशी आल्या. परकर उघडला. तो एक टाका तिथं तसाच होता, त्याच्या आत मणी. त्यांनी तो उसवला नाही. मेंदीची पुडी जमिनीवर ठेवली, वर एक दगड. मग पदराच्या दशीतून एक धागा ओढून तोडला, दातांत धरला आणि गाडीत येऊन बसल्या.

तो परकर आज माझ्या ट्रंकेत आहे. परवा मी वर्गात पोरींना त्याचं हेम दाखवलं. त्यांनी एकेक करून त्या मण्यावर बोट फिरवलं. कुणी हसलं नाही.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. गाडी चालू लागली. येडेश्वरीचा डोंगर दिसू लागला तरी थोरल्याबाई गप्पच. एवढा वेळ ती शांतता सोसून गाडीवानाला शेवटी राहवलं नाही. त्यानं मागं वळून विचारलं, “थोरल्याबाई, बरं वाटंना का तुमास्नी?”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हाक गाडी,” मी म्हटलं. “तोंडात दोरा आहे त्यांच्या.”